आधी खडी आणि पातळी, मग झाडे : गावच्या सांडपाण्यासाठी पाणथळ वाफे उभारण्याची क्रमवार पद्धत

गटाराच्या टोकाला खड्डा खणायचा, त्यात खडी टाकायची, वर कर्दळ लावायची आणि उद्घाटन उरकायचे. अशा पद्धतीने झालेले बरेच प्रकल्प दुसऱ्या पावसाळ्याच्या आत डबके होऊन बसतात. दोष कर्दळीचा नसतो. या पद्धतीत घाण खाण्याचे मुख्य काम खडीच्या पृष्ठभागावर आणि मुळांभोवती वाढणारे जिवाणू करतात. झाडे स्वतः शोषून घेतात तो वाटा लहान असतो. जिवाणूंना काम करता यावे यासाठी तीन गोष्टी लागतात : गाळ आधीच वेगळा झालेला असणे, पाणी वाफ्याच्या पूर्ण रुंदीत सारखे पसरणे आणि ते खडीच्या आतून वाहणे. हा लेख मुख्यतः या तीन गोष्टींबद्दल आहे.

पद्धती अनेक आहेत. इथे घेतली आहे ती आडव्या प्रवाहाच्या, खडीच्या पृष्ठाखालून पाणी नेणाऱ्या वाफ्यांची. बोलीत तिला ‘रूट झोन’ म्हणतात. लहान गाव, वाडी किंवा नगरपंचायतीचा एखादा प्रभाग यांना ती सर्वांत सोयीची, कारण जमिनीला उतार असेल तर वीज लागत नाही आणि पाणी उघड्यावर नसल्याने डास होत नाहीत. उदाहरणासाठी १,३५० लोकवस्तीचे गाव धरू. माणशी ५५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातले ८० टक्के गटारात, म्हणजे माणशी ४४ लिटर. दिवसाला सुमारे ६० घनमीटर, म्हणजे ६० हजार लिटर.

टप्पा १ : पाणी मोजा, अंदाज करू नका

वरचा हिशेब कागदावरचा आहे. गटारात प्रत्यक्षात त्याच्या निम्मे किंवा दुप्पट पाणी असू शकते, म्हणून मोजणी टाळू नका.

१. गटाराच्या शेवटी पत्र्याचा किंवा प्लायचा ९० अंशाचा व्ही-आकाराचा सांडवा बसवा. कडा धारदार हव्यात आणि पाणी पलीकडे मोकळे पडायला हवे.

२. सांडव्याच्या मागे साधारण अर्धा मीटर अंतरावर पट्टी रोवा. तिचा शून्य व्हीच्या टोकाच्या पातळीला ठेवा.

३. पट्टीवरची उंची वाचा. ५ सेंमी असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे ०.७७ लिटर, ७.५ सेंमीला २.१, १० सेंमीला ४.४ आणि १५ सेंमीला १२ लिटर.

४. पहाटे ५ ते रात्री १० दर अर्ध्या तासाला नोंद घ्या. किमान तीन दिवस, आणि त्यातला एक दिवस नळाला पाणी येण्याचा असलाच पाहिजे.

ही शेवटची अट महत्त्वाची आहे. आपल्याकडे अनेक गावांत पाणी दिवसाआड, तेही दीड-दोन तास येते. त्या वेळेत धुणी-भांडी, अंगणे धुणे, जनावरांना पाणी पाजणे सगळे एकदम होते आणि दिवसाचा मोठा वाटा त्या काही तासांतच गटारातून जातो. सरासरीवर बांधलेली टाकी त्या लोंढ्यात ढवळून निघते आणि सगळा गाळ खडीत जातो.

पाण्याची प्रत तपासायला नमुना एकाच वेळी भरू नका. दिवसभर दर दोन तासांनी ठरावीक माप घेऊन, बर्फात ठेवून, एकत्र करून प्रयोगशाळेला द्या. बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचे माप; २७ अंशांवर ३ दिवसांची), एकूण निलंबित घन पदार्थ, तेल-ग्रीस आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) एवढ्या चाचण्या मागा.

तपासणी : मिश्र सांडपाण्यात, म्हणजे संडासासह, माणशी रोज सुमारे २७ ग्रॅम बीओडी धरतात. आपल्या उदाहरणात संडास शोषखड्ड्यांना जोडलेले आहेत आणि गटारात न्हाणी-मोरीचे पाणी व काही सेप्टिक टाक्यांचा ओघळ येतो. त्यामुळे लिटरला २५० मिलिग्रॅम, म्हणजे माणशी ११ ग्रॅम पकडले आहे. उद्या सगळे संडास गटाराला जोडले, तर त्याच ४४ लिटरांत २७ ग्रॅम येतील आणि लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या वर आकडा जाईल. पाणी कमी वापरले म्हणून घाण कमी होत नाही, ती फक्त दाट होते. ग्रामसभेत संडासजोडणीचा विषय चर्चेत असेल, तर आकारमान आधी त्याप्रमाणे धरा.

सावधान : गोठ्यांचे शेण-मूत, चिकन दुकानाचे धुवण, गॅरेजचे ऑइल आणि खानावळीची चरबी गटारात येत असेल, तर ती मुळाशीच थांबवा. आठ-दहा जनावरांच्या गोठ्याचे धुवण एका मोठ्या वस्तीइतका भार टाकते, आणि त्यातला न पचलेला चोथा खडी बुजवतो. शेण शेणखड्ड्यात किंवा गोबरगॅसला, तेल-चरबी दुकानाच्या दारातच सापळ्यात.

टप्पा २ : जागा आणि पातळ्या

या उदाहरणाला वाफे, टाकी, बांध आणि वाट धरून सुमारे २० गुंठे लागतील. जागा निवडताना पहिला प्रश्न उताराचा. गटाराच्या तळापासून शेवटच्या निचरा चेंबरच्या तळापर्यंत साधारण दीड मीटर पडती पातळी मिळाली पाहिजे. मिळत नसेल तर पंप लागेल, आणि तो निवळण टाकीच्या नंतर बसवा. कच्चे सांडपाणी पंपाने ढवळले की बसणारा गाळ बारीक होतो आणि मग तो बसत नाही.

ओढ्याकाठची जमीन बहुधा ग्रामपंचायतीची असते, म्हणून तीच सुचवली जाते. पण पुराची खूण आधी विचारा. एकदा पुराचे गढूळ पाणी वाफ्यात शिरले की खडीत बसलेली माती काढायला सगळी खडी उपसावी लागते. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर जागा बदला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि त्यातल्या मर्यादा हातात आल्याशिवाय नकाशा पक्का करू नका. केंद्राच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांव्यतिरिक्त ठिकाणी बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे, आणि नीट बांधलेला आडवा वाफा ती गाठू शकतो. संमतीपत्रात १० लिहिले असेल, तर फक्त आडव्या वाफ्याच्या भरवशावर राहू नका. सोबत टप्प्याटप्प्याने पाणी सोडले जाणारा उभ्या प्रवाहाचा वाफा (ज्यात पाणी वरून खाली झिरपते) लागेल.

टप्पा ३ : वाफ्यांचे आकारमान

इथे दोन वेगळ्या मर्यादा पाळायच्या असतात. बहुतेक नकाशांत फक्त पहिली पाळलेली दिसते.

पहिली मर्यादा क्षेत्रफळाची. निवळण टाकीत बीओडी साधारण ३० टक्के घटते, म्हणजे २५० चे १७५ होतात. ६० घनमीटर गुणिले १७५ म्हणजे रोज १०,५०० ग्रॅम. आपल्या हवामानात चौरस मीटरला रोज १० ग्रॅमच्या आसपास भार ठेवला, तर सुमारे १,०५० चौरस मीटर लागतात.

दुसरी मर्यादा छेदाची. पाणी ज्या उभ्या तोंडातून वाफ्यात शिरते, त्या तोंडाच्या प्रत्येक चौरस मीटरवर रोज २५० ग्रॅमपेक्षा जास्त बीओडी येऊ नये. १०,५०० भागिले २५० म्हणजे ४२ चौरस मीटर तोंड. पाण्याची खोली ६० सेंमी असेल तर एकूण रुंदी ७० मीटर हवी! म्हणजे वाफे रुंद आणि आखूड व्हायला हवेत. प्रत्यक्षात मात्र जागा लांबट आहे म्हणून ५ मीटर रुंद आणि ५० मीटर लांब चर खणला जातो. क्षेत्रफळ भरते, पण सगळी घाण पाच मीटरच्या तोंडावर आदळते, पहिले दोन मीटर वर्षभरात बुजतात आणि पाणी खडीवरून वाहू लागते.

म्हणून चार समांतर वाफे घ्या, प्रत्येकी १८ मीटर रुंद आणि १४.५ मीटर लांब (पाणी या लांबीच्या दिशेने वाहते). एकूण १,०४४ चौरस मीटर. पाणी खडीतून जायला सुमारे ४ दिवस घेईल. चार वाफ्यांचा दुसरा फायदा असा की एकाला विश्रांती देऊन उरलेल्या तिघांवर महिनाभर काम चालवता येते. एकच मोठा वाफा असेल तर दुरुस्तीच्या दिवशी सगळे सांडपाणी थेट ओढ्यात जाईल.

टप्पा ४ : जाळी, रेतीसापळा, पावसाळी सांडवा

गटार जिथे संपते तिथे आधी २० मिमी फटींची आणि मग १० मिमी फटींची गजाची जाळी, तिरकी, म्हणजे दाताळ्याने वर ओढून साफ करता येईल अशी. शेजारी कचरा निथळायला छोटा ओटा द्या. ओटा नसेल तर काढलेला कचरा पुन्हा गटारातच पडतो. जाळीनंतर रेती बसण्यासाठी दोन समांतर पन्हळी हव्यात, एक चालू असताना दुसरी उपसता येईल. त्यांत पाण्याचा वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या आसपास राहिला की रेती बसते आणि हलकी घाण पुढे जाते.

यानंतर पावसाळी सांडवा. आपली गटारे उघडी असतात, त्यामुळे पहिल्या वळवाबरोबर रस्त्यावरची सगळी माती त्यात येते. कोरड्या दिवसांची सरासरी सेकंदाला ०.७ लिटर असेल, तर तिच्या तिपटीपर्यंत, म्हणजे सुमारे २.१ लिटरपर्यंतचेच पाणी पुढे जावे आणि त्यावरचे बाजूच्या सांडव्यावरून ओढ्याकडे जावे. पुढे जाणाऱ्या वाटेवर टप्पा १ मधला व्ही-सांडवा पक्का बसवा आणि बाजूच्या सांडव्याची धार त्यात ७.५ सेंमी पाणी चढेल त्या पातळीला ठेवा. नळाच्या दिवसाचा मोजलेला लोंढा याहून मोठा असेल, तर धार त्या लोंढ्याप्रमाणे वर घ्या, नाहीतर रोजचे सांडपाणीच बाहेर जाईल.

टप्पा ५ : निवळण टाकी

खर्च वाचवायचा म्हणून सर्वांत आधी कात्री लागते ती या टाकीला. कृपा करून ती लावू देऊ नका. वाफ्याचे आयुष्य या टाकीवर ठरते.

दिवसभराचे पाणी मावेल एवढी जागा अधिक गाळासाठी जागा, म्हणजे ७५ घनमीटर. आत ३.७५ × १० मीटर, पाण्याची खोली २ मीटर. मध्ये भिंत घालून दोन कप्पे करा, पहिला दोन-तृतीयांश लांबीचा. भिंतीतली वाट पाण्याच्या मधल्या थरातून काढा, कारण वर साय आणि खाली गाळ असतो. बाहेर जाणाऱ्या पाइपाला टी (इंग्रजी T आकाराचा जोड) बसवा आणि तिचे खालचे तोंड पृष्ठाखाली किमान ३० सेंमी न्या. टी नसेल तर साय सरळ वाफ्यात जाते.

नळाच्या दिवसाचा लोंढा मोठा असेल, तर टाकीच्या भिंती ४० सेंमी उंच करा आणि टीच्या पुढे चेंबरमध्ये ४० मिमीचे एकच भोक ठेवून पाणी त्यातून सोडा. पातळी २० सेंमी चढली असता त्यातून सेकंदाला सुमारे दीड लिटर जाते. जास्तीचे पाणी टाकीतच चढते आणि हळूहळू उतरते. त्यातून १५ घनमीटरचा साठा मिळतो. हे भोक दर आठवड्याला गजाने मोकळे करावे लागते. भोकाच्या वर चढण-पातळीच्या माथ्यावर आपत्कालीन सुटवाटही ठेवा.

झाकणे काढता येणारी हवीत, आणि मैला उपसणारा टँकर टाकीच्या कडेपर्यंत येईल असा रस्ता हवा. रस्ताच नाही म्हणून टाकी कधी उपसलीच गेली नाही, अशी स्थिती गावोगाव दिसते.

सावधान : टाकीत माणूस उतरवू नका, रिकामी दिसत असली तरी. हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन क्षणात जीव घेतात. हाताने मैला उपसायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

टप्पा ६ : खोदाई, अस्तर, गळती-चाचणी

१. तळाला प्रवाहाच्या दिशेने अर्धा टक्का उतार, म्हणजे १४.५ मीटरमध्ये ७ सेंमी. खडीची जाडी शिरण्याच्या बाजूला ६५ आणि बाहेर पडण्याच्या बाजूला ७२ सेंमी. उतार तळाला असतो, खडीचा माथा मात्र सपाट. इथे गल्लत करून माथ्यालाही उतार दिला, की खालच्या टोकाला पाणी वर येऊन तळे साचते.

२. खडीच्या माथ्यावर ३० सेंमी मोकळा काठ. बांध आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच घ्या आणि बाहेरून चर काढा, म्हणजे शेतातले गढूळ पाणी आत येणार नाही.

३. तळ दाबून घ्या, टोकदार दगड आणि मुळे वेचा, ५ सेंमी वाळू पसरा.

४. ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर १ मिमी एचडीपीई (जाड प्लास्टिकचा कागद), त्यावर पुन्हा जिओटेक्स्टाइल. काठ ४५ अंशांचे असतील तर एका वाफ्याला सुमारे २२ × १८.५ मीटरचा कागद लागतो. कडा बांधावर ३० × ३० सेंमी चरात पुरा.

काळी माती आहे म्हणून अस्तर नको, असे सांगणारे भेटतील. काळी माती ओली असते तोवर पाणी धरते, सुकली की तडे जातात. कोरड्या पडलेल्या वाफ्यात पहिल्या तड्यातून सांडपाणी थेट भूजलात उतरेल. मुरुम तर पहिल्या दिवसापासून गळतो.

तपासणी : खडी टाकण्याआधी वाफा ४० सेंमी भरा आणि शेजारी उन्हात पाण्याने भरलेले रुंद घमेले ठेवा. तीन दिवस दोन्हींची पातळी मोजा. घमेल्यातली घट बाष्पीभवनाची. वाफ्यातली घट त्याहून ठळक जास्त असेल तर गळती आहे. बहुतेक वेळा ती पाइप अस्तरातून जातो त्या जागी सापडते. ही चाचणी नंतर करता येत नाही.

टप्पा ७ : खडी

चारही वाफ्यांना मिळून सुमारे ७१५ घनमीटर, म्हणजे २५३ ब्रास. त्यातले २६ ब्रास ४० ते ८० मिमीचे गोटे, शिरण्याच्या बाजूला १ मीटर आणि बाहेर पडण्याच्या बाजूला अर्धा मीटर पट्ट्यासाठी. उरलेली १० ते २० मिमी खडी. नदीतली गोटी मिळाली तर उत्तम, क्रशरची बेसाल्ट खडीही चालते, पण धुतलेली. खरा घोटाळा इथेच होतो. क्रशरची भुकटी पाण्याबरोबर खाली जाते, तळाला चिखलाचा थर होतो आणि वाफा वापरण्याआधीच निम्मा बुजलेला असतो. धुण्याचा दर निविदेत वेगळा लिहा. न लिहिलेले काम होणार नाही.

तपासणी, प्रत्येक ट्रकला : काचेच्या बरणीत मूठभर खडी आणि स्वच्छ पाणी घालून जोरात हलवा. मिनिटभराने पलीकडची बोटे दिसली पाहिजेत. पाणी दुधाळ राहिले तर ट्रक परत.

तपासणी, पोकळीची : २० लिटरची बादली खडीने काठोकाठ भरा आणि मोजून पाणी ओता. ७ ते ८ लिटर मावायला हवे. ५ लिटरच मावले तर खडीत बारीक माल मिसळला आहे.

खडी टाकताना डंपर किंवा जेसीबी अस्तरावर चढवू नका. काठावरून सोडा आणि फावड्याने पसरा. माथा पाण्याच्या नळीने किंवा डंपी लेव्हलने तपासा. १८ मीटर रुंदीत २ सेंमीपेक्षा जास्त फरक नको.

टप्पा ८ : पाणी वाटणे आणि बाहेर काढणे

टाकीतून आलेले पाणी चार वाफ्यांत वाटायला एक वाटप-चेंबर आणि त्याला चार सारखे व्ही-सांडवे. वाफ्यामागे सरासरी प्रवाह सेकंदाला ०.१७ लिटर, म्हणजे व्हीमध्ये पाणी जेमतेम २.७ सेंमी उंच. यात एक सांडवा ५ मिमी खाली बसला तर त्या वाफ्यात दीडपट पाणी जाते. म्हणून सांडव्याच्या पट्ट्या काँक्रीटमध्ये पक्क्या पुरू नका. बोल्टवर, वर-खाली सरकवता येतील अशा बसवा आणि पाणी सोडल्यावरच कसा.

वाफ्यात शिरताना ११० मिमी पीव्हीसी पाइप पूर्ण रुंदीभर, गोट्यांच्या वर, दर दीड मीटरला फिरवता येणारी टी. छोटी भोके पाडून पाइप खडीत पुरण्याची चूक नेहमीची. ती भोके काही महिन्यांत शेवाळी चिकट थराने बुजतात आणि कुठे बुजली ते दिसतही नाही.

बाहेर पडताना तळाशी गोट्यांमध्ये ११० मिमी पाइप, १२ मिमीची भोके, दर १० सेंमीला. तो चेंबरमध्ये येतो आणि तिथे वळणाऱ्या कोपराला (एल्बो, म्हणजे पाइपाचा काटकोनी जोड) उभा तुकडा जोडलेला असतो. तुकडा तिरपा केला की वाफ्यातली पातळी उतरते, उभा केला की चढते. या कोपराविना वाफा बांधू नका. लागवड, तण काढणे, बुजलेला भाग वाळवणे सगळे त्याच्यावर अवलंबून आहे.

तपासणी : स्वच्छ पाणी सोडून प्रत्येक टीखाली बादली धरा. भरायला लागणारा वेळ जुळेपर्यंत टी फिरवत राहा.

टप्पा ९ : लागवड

महाराष्ट्रात भरवशाची झाडे : कर्दळ, पाणकणीस, नळ (उंच वाढणारे पाणगवत) आणि वाळा. पाणकणीस व नळ जवळच्या ओढ्यातून मिळतात, स्थानिक असल्याने तगतात. कर्दळ लवकर भरते आणि फुले येतात म्हणून लोक वाफ्याकडे प्रेमाने बघतात, तेही महत्त्वाचे आहे. वाफ्यावाफ्याने वेगळी जात लावा, मिसळू नका. पाणकणीस कर्दळीला दाबून टाकते.

जलपर्णी खडीच्या वाफ्यासाठी नाही. ती तरंगणारी वनस्पती आहे. तिला उघडे पाणी लागते, आणि नियमित काढली नाही तर सडून घेतलेली घाण परत पाण्यात सोडते. शिवाय पुरात वाहून खालच्या नदीत पसरली की गावाने नवी डोकेदुखी निर्माण केली, असे होईल.

जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै ही उत्तम वेळ. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या खडीवर कोवळे कोंब करपतात. चौरस मीटरला ४ रोपे, म्हणजे अर्ध्या मीटरवर एक. गोट्यांचे पट्टे सोडून ३,७५० लागतात, मरतूक धरून ४,१०० आणा. दोन-तीन डोळे असलेले १० ते १५ सेंमी कंद चांगले.

१. कोपर उभा करून स्वच्छ पाणी खडीच्या माथ्याला टेकवा.
२. हाताने खडी बाजूला करून कंद पाण्याला टेकेल एवढा खोल लावा. माती घालू नका. रोपवाटिकेची पिशवी असेल तर माती बादलीत धुऊन मुळे मोकळी करा.
३. दोन आठवडे स्वच्छ किंवा निम्मे पातळ केलेले पाणी द्या.
४. नवी पाने दिसली की चौथाई प्रवाह, मग दर दोन आठवड्यांनी वाढवत पूर्ण.
५. पातळी आठवड्याला एक-दोन सेंमी उतरवत माथ्याखाली ५ सेंमीवर आणा. मुळे पाण्यामागे खाली जातात. एकदम उतरवले तर रोपे वाळतात.

पहिल्याच दिवशी पूर्ण सांडपाणी सोडू नका. मुळे धरलेली नसताना ती कुजतात आणि मग ‘आमच्याकडे ही झाडे येत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. वाफा पूर्ण क्षमतेला यायला तीन ते सहा महिने लागतात. तोवरचे अहवाल पाहून घाबरू नका.

टप्पा १० : बाहेर आलेल्या पाण्याचे काय

बाहेरचे पाणी स्वच्छ दिसेल, पण निर्जंतुक नसेल. चार-पाच पायऱ्यांवरून पडू द्या, म्हणजे हवा मिसळेल आणि वास जाईल. नंतर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर : लिटरला ५ मिलिग्रॅम क्लोरीन धरल्यास ६० घनमीटरला ३०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ताज्या ३३ टक्के पावडरीची रोज सुमारे १ किलो. पाणी टाकीत किमान अर्धा तास थांबले पाहिजे. उघड्या पोत्यातली जुनी पावडर वापरून मात्रा पाळली, असे समजू नका. तिचा जोर गेलेला असतो.

हे पाणी झाडे, चारा, ऊस, कापूस, बांधकामाला द्या. कोथिंबीर, मेथी, काकडी, गाजर अशा कच्च्या खाण्याच्या पिकांना नको. फॉस्फरस या वाफ्यात फारसा अडत नाही, त्यामुळे पाणी तलावात सोडायचे असेल तर शेवाळ वाढेल हे आधीच लक्षात घ्या. शेतीला दिल्यास तोच फॉस्फरस खत होतो.

टप्पा ११ : रोजचे काम, आणि काय बिघडते

नेमलेला एक माणूस, रोज तासभर. जाळी रोज, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. टी आणि वाटप-सांडवे आठवड्याला. टाकीतला गाळ सहा महिन्यांनी मोजा : लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून तळापर्यंत घाला, थोडे थांबून काढा, काळा झालेला भाग मोजा. तो ६५ सेंमीवर, म्हणजे खोलीच्या एक-तृतीयांशावर आला की टँकर बोलवा. उपसताना तळाशी थोडा गाळ शिल्लक ठेवा. बेशरम, सुबाभूळ, पिंपळाची रोपे बोटभर असतानाच उपटा, ती अस्तर फोडतात.

कापणी पाऊस सरल्यावर, एका वेळी एकच वाफा, २०–३० सेंमी खुंट ठेवून. कापलेले त्याच दिवशी बाहेर काढा आणि कंपोस्टला द्या. खडीवर पडलेली पाने कुजून माथा बुजवतात.

शिरण्याच्या बाजूला पाणी वर दिसू लागले तर आधी टाकी तपासा, बहुधा गाळ वाहून येत असतो. तो थांबवा, मग त्या वाफ्याचे पाणी बंद करा, कोपर पूर्ण खाली करून दोन ते चार आठवडे वाळू द्या. बुजवणारा चिकट थर वाळून, कुजून कमी होतो. तरीही पाणी वरच राहिले, तर पहिल्या दीड-दोन मीटरची खडी काढून धुवा. टाकी न सुधारता नुसती खडी बदलणे म्हणजे तोच खर्च दोन वर्षांनी पुन्हा.

एखाद्या पट्ट्यातच झाडे उंच आणि बाकीची पिवळी दिसली, तर पाणी एकाच वाटेने जात आहे. टी आणि माथ्याची पातळी पुन्हा मोजा. कुजक्या अंड्याचा वास पायऱ्यांपाशी थोडा येणे स्वाभाविक आहे. वाफ्यावरच येत असेल तर भार जास्त आहे, बहुतेक वेळा कुणी तरी गोठा परत गटाराला जोडलेला असतो. बीओडी चांगली पण अमोनिया जास्त असेल, तर तो तुमचा दोष नाही. आडव्या वाफ्यात प्राणवायू कमी असतो आणि अमोनियासाठी उभ्या प्रवाहाचा वाफाच हवा.

मे महिन्यात ८–१० मिमी बाष्पीभवन धरले तर चारही वाफ्यांतून रोज ८ ते १० घनमीटर पाणी हवेत जाते, दाट झाडीतून याहूनही जास्त. तेव्हा बाहेर पडणारे पाणी कमी आणि थोडे दाट दिसेल. उलट एका दिवसात १०० मिमी पाऊस झाला तर वाफ्यांवरच १०४ घनमीटर पडतात, म्हणजे रोजच्या सांडपाण्याच्या पावणेदोनपट. या दोन्ही काळातले नमुने एकमेकांशी तुलनेला घेऊ नका. नमुना घेताना टाकीनंतरचा आणि वाफ्यानंतरचा असे दोन्ही घ्या आणि त्या दिवशीची व्ही-सांडव्याची उंची वहीत लिहा.

पावसाळ्याआधी, मेच्या अखेरीस : रेतीसापळा उपसा, बाजूचा सांडवा मोकळा करा, बाहेरचे चर साफ करा, कोपर हाताने फिरतो का पाहा. वर्षभर न हलवलेला कोपर जाम होतो, आणि मग जोर लावला की पाइप तुटतो. महिन्यातून एकदा तो फिरवून परत जागेवर आणा आणि नेहमीच्या पातळीची खूण चेंबरच्या भिंतीवर तेलरंगाने करून ठेवा.